दोन्ही पाय आत

"अरे, डोळे आहेत की बटणं?" खानोलकर टीव्हीतल्या पंचावर ओरडले. चेंडू झेलताना त्यांच्या लाडक्या खेळाडूचे दोन्ही पाय रेषेच्या आत होते, तरी पंचाने टचडाउनचे गुण नाकारले. पिट्सबर्गच्या फ्लॅटमध्ये दुजोरा द्यायला कुणी नव्हतं.

अमेरिकन फुटबॉल त्यांना मुलीने शिकवला होता. दर रविवारी बापलेक मिळून पंचांचा उद्धार करायचे. लग्न होऊन ती सिअ‍ॅटलला गेली, तरी खानोलकरांचा रविवारचा नेम चुकला नव्हता.

न राहवून त्यांनी फोन लावला. "ऋजुता, पाहिलंस? पाय आतच होते ना?"

"कुठली मॅच, बाबा? मी कधीच सोडलं ते बघणं."

"आतच होते गं," ते हळूच म्हणाले. "दोन्ही."

"असतील," म्हणत तिने गडबडीत फोन ठेवला.

पंचाने पुढचा निर्णयही चुकीचाच दिला. खानोलकर काही बोलले नाहीत.