दोन वर्षांचा दाखला

परदेशाच्या व्हिसा लॉटरीत सुगतचा नंबर लागला आणि अट आडवी आली. बारावी पास पाहिजे, नाहीतर सलग दोन वर्षं कामाचा अनुभव. बारावीला सुगत तीनदा आपटलेला. पण आनंदनगरच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली बॉयलरवर अकरा वर्षं घासली होती ना! तो हक्काने ठेकेदाराकडे गेला.

"शेठ, फक्त दोन वर्षांचा दाखला द्या. परदेशी जायचंय."

"येडा झाला काय? कागदावर तू दर सात महिन्यांनी काम सोडतोस आणि परत नवीन लागतोस. सलग दोन वर्षं लिहून दिली, तर उद्या तुला पर्मनंट करावं लागेल!"

सुगतने व्हिसाच्या फॉर्मची घडी घालून खिशात कोंबली.

"मग लिहून द्याच, शेठ. परदेशात कोण मरायला जातंय!"