शेवटच्या तासाची हवा

"सर, तुम्ही अगदी नेहमीसारखं शिकवा. मी इथं आहे हे विसरूनच जा," तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या आणि हवा मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या.

नेहमीसारखं शिकवलं की काय होतं, हे सरांइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याआधीच्या भूगोलाच्या तासाला या वर्गातली मुलं नुसत्या जांभया द्यायची. शेवटच्या तासाला सर गणित घेऊन आले, की एकेक करून माना टाकायची. पोरांनी त्यांचं नाव 'अंगाई सर' ठेवलं होतं. ते सरांच्या कानावर आलं होतं आणि मनाला लागलंही होतं.

पण हल्ली प्रकरण चेष्टेच्या पलीकडे गेलं होतं. मुलं घरी जायची ती डोकं धरूनच. एक मुलगी जिना उतरताना चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा मात्र पालक फाटकाशी जमले. शाळेत काहीतरी विषारी आहे, तपासणी करा, नाहीतर आम्ही मुलं पाठवणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं माणसं बोलावली. नळाचं पाणी तपासून झालं, भिंतींचा रंग खरवडून नेला, माळ्यावरची धूळसुद्धा पुडीत बांधून नेली. सगळं निर्दोष निघालं. आता राहिली होती ती या एका खोलीतली हवा. आणि सर.

आदल्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सांगूनच टाकलं होतं, "हवा चांगली निघाली, तर मी राजीनामा देणार."

"काहीतरीच तुमचं! शिकवण्यानं कुणाला चक्कर येते का?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "झोप येते, ते वेगळं."

सर रोजच्यासारखे दाराशी उभे राहिले आणि सुरू झाले. आज त्यांनी जीव ओतला. आवाज चढवला, हातवारे केले, एक विनोदसुद्धा करून पाहिला. थोड्या वेळानं खिडकीकडची रांग पेंगायला लागली. मग मधली. सरांनी फळ्यावर डस्टर आपटलं. दोन मुलं दचकली आणि पुन्हा बाकाला टेकली. सरांनी मोठ्या आशेनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

बाईंची हनुवटी छातीला टेकली होती.

संपलं, सर मनाशी म्हणाले. तपासायला आलेलं माणूसही झोपलं, आता आणखी कसला पुरावा हवा? राजीनाम्याचं पहिलं वाक्य त्यांच्या डोक्यात तयारही झालं.

इतक्यात यंत्र किंचाळलं. बाई धडपडून उठल्या. त्यांनी काचेवरचा आकडा पाहिला, डोळे चोळून पुन्हा पाहिला.

"सर, थांबा! शिकवणं थांबवा!"

"थांबवलंच म्हणून समजा," सर पडलेल्या आवाजात म्हणाले. "उद्यापासून मी येतच नाही."

"अहो, तुमचं काय घेऊन बसलात! आधी मुलांना बाहेर काढा. या हवेत हत्तीसुद्धा पेंगेल!"

मुलं डोळे चोळत पटांगणात गेली. बाई स्टुलावर चढल्या. रस्त्याच्या गोंगाटापायी खिडक्या कधीच्या बंद करून टाकल्या होत्या. छताजवळ हवेसाठी एक झरोका होता, तर त्याच्यावर बाहेरून शाळेच्या नावाची नवी कोरी पाटी ठोकलेली. दिवसभर मुलं एकमेकांनी सोडलेलाच श्वास परत ओढत होती, आणि शेवटच्या तासापर्यंत खोली पार कोंदून जात होती.

"तुम्ही दाराशी उभे असता, म्हणून तेवढे वाचलात," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. पालक भडकले. सरही गंभीर चेहऱ्यानं मान हलवत होते, पण आतून त्यांना उड्या माराव्याशा वाटत होत्या. मुलांची डोकी दुखली आणि आपण खूश होतोय, याची त्यांना लाजही वाटली. पण आनंद काही पोटात मावेना. घरी जाताना जो भेटेल त्याला थांबवून त्यांनी खराब हवेची बातमी अशी सांगितली, जणू घरात नातवंड झालंय.

पाटी उतरली. खिडक्या उघडल्या. सोमवारी शेवटच्या तासाला सर वर्गात शिरले ते छाती काढून. एकही मान खाली नव्हती. सरांना भरून आलं. त्यांनी आपलं सगळ्यात लाडकं गणित काढलं. एक नळ हौद भरतोय, हौदाच्या निम्म्या उंचीवर एक भोक आहे, त्यातून पाणी गळतंय, तर हौद भरायला किती वेळ लागेल? सरांनी झरझर पायऱ्या मांडल्या आणि उत्तर लिहिलं, बारा तास. नोकरी लागल्यापासून ते हेच उत्तर शिकवत आले होते.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, भोक निम्म्यावर आहे. मग निम्मा हौद भरेपर्यंत पाणी गळेलच कसं?"

सर वळले. फळ्यावर हौद होता. भोकही होतं, त्यांनी स्वतःच काढलेलं, चांगलं ठळक.

"आणि सर," मागून कुणीतरी विचारलं, "ते भोक बुजवत का नाहीत?"

वर्ग खदखदून हसला. मग जे हात वर झाले, ते घंटा होईपर्यंत खाली येईनात.

संध्याकाळी सर घरी आले आणि पायातले बूटही न काढता गणिताचं पुस्तक उघडून बसले. बायको बघतच राहिली.

"हे काय? इतकी वर्षं पुस्तक न उघडता शिकवलंत. आता कसली तयारी?"

सरांनी मान वर केली नाही.

"अगं, आता पोरं ऐकतायत ना!"