उसवलं की फाटलं

चौथ्या ॲपवरही त्या जुन्या फुटबॉल सामन्यावरचा माहितीपट नव्हता. एका ॲपवर नुसतं त्याचं चित्र होतं. त्यावर बोट ठेवलं की 'आपल्या भागात उपलब्ध नाही' असं येई.

"राहू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "मला फुटबॉलमधलं काय कळतंय?"

सुनेने राहू दिलं नाही. त्या जुन्या अंतिम सामन्याचे शर्ट सासूबाईंनी शिवले होते. खेळताना कर्णधाराचा शर्ट खांद्यावर उघडला, आणि शिंपीणबाईंची टीप उसवली असं गावभर झालं. त्यानंतर त्यांनी परक्याचं कापड हातात धरलं नाही. सामना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आता नजरही अंधूक होत चालली होती.

शेवटी सुनेने वाचनालयात फोन लावला. ग्रंथपालबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, सभासद आहात ना? मग कार्डावरचा नंबर टाका, जुने माहितीपट घरबसल्या दिसतात, पैसे पडत नाहीत. कार्ड सापडलं सुनेच्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, खूण म्हणून ठेवलेलं.

अर्ध्या तासाने तो क्षण आला. मागच्या खेळाडूने कर्णधाराचा शर्ट मुठीत धरून ओढला. सुनेने चित्र तिथेच थांबवलं.

"कडेला काय दिसतंय?" सासूबाईंनी विचारलं. "ओळीने सुईची भोकं, की तुटक्या धाग्यांच्या दशा?"

सून पडद्याला नाक टेकेल इतकी जवळ गेली. "दशा. चांगल्या लोंबतायत. टीप त्यांच्या शेजारून जातेय, अख्खी."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"आई, खोटं सांगायला मला शिवणातलं काय कळतंय?"

सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, "फाटलं होतं तर. उसवलं नव्हतं." त्यांनी डोळे मिटून हात जोडले. एकदा देवाला, एकदा त्या वाचनालयातल्या बाईंना. तसं त्यांनी सांगितलंही.

सून शेजारी येऊन बसली आणि तिने चित्र पुढे चालू केलं. गोल झाला, लोक ओरडले. सासूबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा अंगठा सुनेच्या बाहीच्या शिवणीवरून हळूहळू चालला होता. काखेपाशी तो थांबला.

"ही मात्र उसवलीय," त्या म्हणाल्या. "सुई ओवून दे मला."