आंधळा नमुना

सकाळी साडेनऊला ऑर्हुसच्या बंदराकाठच्या सभागृहातले दिवे मंद झाले आणि आंधळ्या नमुन्याचा निकाल पडद्यावर यायला लागला.

सामायिक, म्हणजे अख्ख्या विद्यापीठाला तपासण्या करून देणाऱ्या, प्रयोगशाळांच्या या परिषदेत लोक वर्षभर वाट बघतात ती याच तासाची. वसंतात आयोजक प्रत्येक प्रयोगशाळेला टपालाने एक नळी पाठवतात. आत काय आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक. ज्याने त्याने आपल्या यंत्रावर नमुना तपासायचा आणि सापडलेल्या प्रथिनांची नावं कळवायची. निकाल लागतो तो क्रमांकाने. कुठला क्रमांक कोणाचा, हे आयोजक सोडले तर ज्याचं त्यालाच माहीत.

सोल्वाय बुंडगॉर तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी तिच्या विद्यापीठाचे डीन, होल्गर थिस्टेड. तिची छोटी प्रयोगशाळा चालू ठेवायची की कुलूप लावून यंत्रं दुसरीकडे हलवायची, हे त्यांना ठरवायचं होतं. ते मुद्दाम निकाल बघायला आले होते.

"थोडं खाऊन घे," होल्गरनी दालचिनीचा पाव पुढे केला. "सकाळपासून नुसती कॉफी पितेयस."

"निकालानंतर खाते."

मागच्या रांगेतून इंगुन तिच्या कानाशी वाकली. ती बर्गनची प्रयोगशाळा चालवते. दोघी शिकत होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी.

"काय गं, तुझ्या म्हातारीचा रुसवा गेला का?"

म्हातारी म्हणजे सोल्वायचं यंत्र.

"दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, ठणठणीत आहे, उगाच बोलावलंत."

"मग नमुना घातला तेव्हा काय झालं होतं तिला?"

"देव जाणे. तीनदा घातला, तीनदा ढिम्म. एक नाव दाखवेना."

"आणि मग तुला फोनवर कोणी तारलं, ते विसरू नकोस. मासळीचं जेवण देणं लागतेस मला."

"गप बस. पुढे बघ."

मंचावर वेइक्को साल्मेला उभे होते. हेलसिंकीचे, परिषदेचे आयोजक. मिश्रणात सहा प्रथिनं होती, एवढंच ते बोलले आणि बाजूला झाले. मग एकेका क्रमांकाची ओळ उमटायला लागली. सापडलेल्या प्रत्येक प्रथिनाला एक हिरवा चौकोन.

कोणाला चार, कोणाला पाच. सातव्याला तीनच. सभागृहात च्‌-च्‌ झालं. आठव्याला पाच.

नववी ओळ आली. सहाच्या सहा हिरवे.

कोणीतरी शीळ घातली. सोल्वायने होल्गरची बाही धरली होती, ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

"सांगायचं नसतं," ती कुजबुजली, "पण नऊ म्हणजे आपण."

"त्या जुनाट यंत्रावर?"

"त्याच."

होल्गर पडद्याकडे बघत राहिले. मग हसले. "खरं सांगू? मी मनातल्या मनात कुलूप लावूनच आलो होतो. आता काय करू मी त्या कुलपाचं?"

"समुद्रात टाका. जवळच आहे."

तिचे कान तापले होते. मागून इंगुनने तिच्या पाठीत हळूच गुद्दा मारला. ओळी येत होत्या, पण सोल्वायला त्या धड दिसत नव्हत्या. वर सहा हिरवे चौकोन तसेच होते.

सतरावी ओळ मात्र सगळ्यांनाच दिसली. एकही चौकोन नाही. फक्त शब्द: काही आढळले नाही.

सभागृह खदखदून हसलं.

"नळी उघडली तरी होती का रे यांनी?" कोपऱ्यातून आवाज आला.

"हे घे, कुलपाला गिऱ्हाईक मिळालं," होल्गर म्हणाले. सोल्वाय डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

वेइक्कोंनी हसणं थांबू दिलं.

"सतराचं उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "यंदा आम्ही जरा खोडी काढली. दोन नळ्यांत नुसतं पाणी भरून पाठवलं होतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या बाजूला सतरा क्रमांकाची एक उंच बाई लाजत उभी राहिली. होल्गरही वळून टाळ्या वाजवत होते.

"वा. याला म्हणतात काम," ते सोल्वायला म्हणाले.

इंगुनचा हात मागून तिच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला.

"आणि दुसरी नळी कोणाकडे गेली?" कोणीतरी विचारलं.

वेइक्कोंनी हातातलं बटण दाबलं. पडद्यावर नवव्या ओळीभोवती लाल चौकट उमटली.