कऱ्हाडचं कुलूप

स्वराली शाळेत जाऊ लागली ते साल दोन हजार बावीस. त्याच साली ऑक्टोबरात तिच्या आजीला, प्रमोदिनीबाईंना, डब्लिनमध्ये अपिलाच्या सुनावणीला बोलावलं. लेक रेवती स्वरालीच्या बाळंतपणात अर्धांगाने पडली, तेव्हापासून तिचं सगळं त्याच करत. अशा सांभाळणाऱ्याला इथलं सरकार भत्ता देतं. त्यांचा अर्ज फेटाळला होता, कारण कऱ्हाडला घर आहे, बाई इथे कायमच्या राहणाऱ्या दिसत नाहीत. भत्ता मिळाला नाही तर डब्लिनजवळचं स्वोर्ड्सचं भाड्याचं घर सोडावं लागणार होतं.

"आई, एकच वाक्य," जावई सलील रेवतीच्या माघारी म्हणाला होता. "मी आता परत जाणार नाही. बास. आणि ती कऱ्हाडच्या घराची किल्ली पर्समधून काढा."

टेबलापलीकडे अपील ऑफिसर मिसेस केरिगन होत्या, पिकल्या केसांच्या. बाजूला शर्वाणी नावाची दुभाषी मुलगी, नागपूरची. अलीकडे सलील आणि चाकाच्या खुर्चीत रेवती. अंघोळ कोण घालतं, रात्री कुशीवर कोण वळवतं, सगळं विचारून झालं.

"काकू, त्या विचारतायत, परत जायचा विचार आहे का?"

वाक्य ओठांवर होतं. पण रेवती बघत होती. रोज सकाळी तिच्या पायाला पट्टा बांधताना प्रमोदिनीबाई म्हणत, "तू चाललीस की मी सुटले. मागच्या दाराच्या पायरीवर दहाचं ऊन येतं, तिथे बसून घेवडा निवडीन." रेवती म्हणे, "जा की. अडवलंय कुणी?" ती चालणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नव्हतं. परत जाणार नाही म्हणायचं म्हणजे तेच बोलायचं, आणि तिच्यासमोर.

"जाणार," त्या म्हणाल्या. "ही चालायला लागली की त्याच दिवशी."

सलीलने डोळे मिटले. शर्वाणीने जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

मिसेस केरिगननी डॉक्टरांच्या पत्रावर बोट ठेवलं. रेवतीकडे पाहिलं, चष्मा काढला. ही कधी चालेल, असं त्यांनी विचारलं नाही. पत्र उलटं ठेवलं.

"तुमच्या त्या घरात आत्ता काय काय आहे?"

"गॅस परत केला. भांडी भाचीला दिली. खलबत्ता घेऊन आले."

शर्वाणी अडली. तिने हाताने कुटून दाखवलं.

"लोखंडी. सहा किलोचा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "विमानतळावरचा माणूस उचलून उचलून बघत होता. हिला मिक्सरची चटणी चालत नाही ना."

"मग तिथे राहिलं काय?"

प्रमोदिनीबाईंनी जरा विचार केला.

"कुलूप."

"ग्रँड," असं इथल्या पद्धतीने 'बरं' म्हणत मिसेस केरिगननी लिहून घेतलं.

लिफ्टमध्ये रेवती म्हणाली, "आई, सलीलने पढवून आणलं होतं ना तुला?"

"आणलं होतं. जाणार ते जाणारच म्हणेन. तू आधी चाल."

"चालते गं. घाई काय आहे तुला?"

पाच आठवड्यांनी पत्र आलं. सलीलने जेवणाच्या टेबलाशी वाचून दाखवलं. अपील मंजूर. कारण दोनच ओळींत दिलं होतं: बाईंचं राहतं घर स्वोर्ड्सला आहे. कऱ्हाडला फक्त कुलूप आहे.

"गंजलं असेल," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "गेल्या गेल्या आधी तेल सोडायला हवं."

प्रमोदिनीबाई अकरा मार्च दोन हजार चोवीसला डब्लिनमधल्या ब्युमॉन्टच्या इस्पितळात वारल्या.