पाठ लागल्यावर

आर्जवची पाठ मातीला लागली हे तालमीतल्या सगळ्यांनी बघितलं. दोन्ही खांदे टेकले, वाद घालायला जागाच उरली नाही. कट्ट्यावरच्या पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण वरचा धवल काही उठेना.

नाथाजी वस्तादांना वाटलं, पोरगं सात महिन्यांनी लाल मातीत उतरलंय, जरा मिरवून घेतंय. लष्करातलं ट्रेनिंग संपवून धवल कालच कुंडलला सुट्टीवर आला होता, आणि आज दुपारचं जेवण जिरायच्या आत त्यानं आपल्या जुन्या जोडीदाराला, आर्जवला, कुस्तीच्या हौद्यात ओढलं होतं. मग वस्तादांची नजर आर्जवच्या टाचांवर गेली. टाचा माती उकरत होत्या. धवलचा कोपर त्याच्या गळ्यावर होता, गुडघा एका दंडावर, आणि मोकळ्या राहिलेल्या हातानं आर्जव मातीवर थापा मारत होता.

"पाठ लागली रं. सोड," वस्ताद म्हणाले.

धवलनं ऐकलंच नाही. त्याचे डोळे उघडे होते, पण ते आर्जवकडं बघत नव्हते. ते कुणाकडंच बघत नव्हते.

सत्तरीच्या माणसानं कट्ट्यावरून उडी मारू नये. वस्तादांनी मारली. हातातली वेताची छडी त्यांनी धवलच्या पाठीवर ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी छडी मधोमध चिरली आणि धवल भाजल्यासारखा बाजूला झाला.

आर्जव कुशीवर वळून खोकत राहिला. कुणीतरी पाणी आणलं, ते त्याला गिळता येईना, नाकातून आलं. वस्तादांनी त्याचा गळा बोटांनी चाचपला, मान हळूहळू दोन्हीकडं फिरवून बघितली. श्वास नीट लागला म्हटल्यावर ते उठले आणि रागानं धवलकडं वळले. या हौद्यात चाळीस वर्षं ते एक गोष्ट कुठल्याही डावाच्या आधी शिकवत आले होते. पाठ लागली की हात सैल सोडायचा, आणि पडलेल्याला पाडणाऱ्यानंच उठवायचं. धवललाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

"कुणी शिकवलं हे तुला?"

धवल मान खाली घालून तुटक तुटक सांगत गेला. तिकडं हातघाईच्या लढाईचा तास असायचा. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणायचे. समोरच्याच्या हातात लाकडी सुरा असायचा. पहिल्याच दिवशी धवलनं समोरच्या जवानाला असा ढाकेच्या डावावर उचलून आपटला की उस्तादही वा म्हणाले. पाठ लागली म्हणून त्यानं हात सोडला आणि गड्याला उठवायला खाली वाकला. गड्यानं पडल्या पडल्या सुरा त्याच्या बरगडीत खुपसला. सगळ्या पलटणीसमोर उस्तादांनी विचारलं, मेलास का जिवंत आहेस? मग भर उन्हात मैदानभर कोलांट्या घालायला लावल्या. दुसऱ्या दिवशी हात आपोआप सुटला. तिसऱ्या दिवशीही सुटला. धवल तिथं पंधरा दिवस रोज मरत होता. डाव्या बरगडीवर एकाच जागी सुरा लागून काळा पडलेला डाग त्यानं दाखवला.

"मग सुटायचा बंद झाला," तो म्हणाला. "आता म्या धरत न्हाई वस्ताद. हातच धरतोय."

"आर्जव हाय त्यो. तुझ्या ताटात जेवलेला."

"कोण हाय ते दिसलंच न्हाई मला." धवलनं पहिल्यांदा मान वर केली. "आन् हितं परत सोडायची सवय लागली, तर तिथं म्या खराच मरंन. तुमीच सांगा, काय करू?"

वस्तादांना आणखीच संताप आला. धवलचा आला, कधी न बघितलेल्या त्या उस्तादाचा आला. तिकडं तो उस्ताद चुकीचा नव्हता, हे कळत होतं म्हणून तर जास्तच आला. आर्जव भिंतीला टेकून घोगऱ्या आवाजात म्हणाला की चुकून झालं, उद्या पुन्हा कुस्ती धरू. त्याच्यावरही ते खेकसले.

"कापडं घाल," ते धवलला म्हणाले. "ह्या हौद्यात पुन्हा पाय टाकायचा न्हाई. सुट्टीला आलास तरी न्हाई, नोकरी संपवून आलास तरी न्हाई."

धवलनं उलट उत्तर दिलं असतं तर वस्तादांना बरं वाटलं असतं. त्यानं मातीनं भरलेल्या अंगावरच शर्ट चढवला, वाकून हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आर्जवसमोर क्षणभर थांबला. हात पुढं करावा का, हे त्याला ठरवता आलं नाही. मग तो दाराबाहेर पडला.

पोरं वस्तादांकडं बघत होती. वस्ताद चिरलेली छडी तशीच मुठीत धरून तरातरा दारापर्यंत गेले. धवल तोवर रस्त्याला लागला होता. पोरांना वाटलं, आता म्हातारा त्याला माघारी बोलावणार.

"ए धवल," वस्ताद ओरडले. आवाजात मघाचाच राग होता, तसूभरही कमी नाही. "तिकडं सोडायचं न्हाई. पाठ लागली तरी सोडायचं न्हाई. ऐकू आलं का?"