आकडा वाचणारी

"सत्तरला किती?" निरीक्षकसाहेबांनी विचारलं.

"सव्वीस पॉइंट आठ," बायको म्हणाली आणि तिने मांडीवरच्या वहीत लिहून घेतलं. आकडा खरा होता. त्यानंतर मात्र तिने एकही खरा आकडा लिहिला नाही.

गाडी नवी होती, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. हायवेवर कोणत्या वेगाला ती एका लिटरमध्ये सर्वांत लांब जाते, हे साहेबांना शोधून काढायचं होतं. नव्वदला दहा किलोमीटर, मग ऐंशीला दहा, मग सत्तरला. चौतीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासलेला माणूस, कंपनीने छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणार थोडाच. खात्यातला नियमही त्यांनी गाडीत आणला होता. वजन ठेवणाऱ्याने काटा वाचायचा नाही, वाचणारा वेगळा हवा. त्यामुळे मायलेजच नाही, वेगसुद्धा तीच वाचून दाखवायची. "अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर, बस." गेला महिनाभर तिला या नियमाचं कौतुक वाटत होतं.

आज सत्तरचा आकडा लिहून झाल्यावर एके ठिकाणी रस्त्याचं काम लागलं. तिथे एक मजूर लाल झेंडा हलवत उभा होता, चांगला लांबून दिसत होता. साहेबांनी वेग कमी केला नाही. मजुराने झेंडा टाकून खडीच्या ढिगावर उडी मारली, तेव्हा कुठे ब्रेक लागला.

"अचानक मधे आला," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "बघ, बॅटरीची रेघ वर गेली का? ब्रेक मारला की ती भरते."

रेघ त्यांच्या समोरच्याच पडद्यावर होती, चांगली बोटभर जाड आणि हिरवीगार. वाचणारा वेगळा कशासाठी लागत होता, ते तिला तेव्हा कळलं.

'हळू चालवा' म्हणायची सोय नव्हती. हळू म्हटलं की साहेबांचा पाय आणखी खाली जायचा, हा छत्तीस वर्षांचा अनुभव. लेकीने एकदा डोळे तपासून घ्या म्हटलं, तर चार दिवस घरात अबोला होता. त्या लेकीचं घर अजून दीडशे किलोमीटरवर होतं. हा माणूस ऐकायचा तो फक्त आकड्याचं. म्हणून तिने आकडे बनवायला घेतले.

"साठला?"

"अठ्ठावीस पॉइंट तीन." पडद्यावर पंचवीस पॉइंट नऊ होतं. रस्ता जरा चढाचा होता.

"बघितलंस? हे कंपनीवाले सांगत नाहीत." साहेब खुलले. "आता पन्नासला बघू."

खोटा काटा नुसत्या वासावरून ओळखायचे, अशी साहेबांची खात्यात ख्याती होती. त्यांना ती शेजारी बसून गंडवत होती. तिला लाज वाटली, पण तिची भीती लाजेहून फार मोठी होती. तिने पन्नासला एकोणतीस पॉइंट सहा सांगितलं आणि डोळ्यांत तेल घालून पुढे बघत राहिली. साहेबांना आता चाळीसही बघायचं होतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एक भलामोठा ट्रेलर आरशात मावेनासा झाला, गाडीला घासतोय असं वाटलं आणि पुढे निघून गेला. गाडी हेलकावली. चाकं पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडे गेली आणि अंदाजाने परत आली. साहेब पट्टा शोधत होते. मागे आणखी दोन ट्रक होते आणि दोघेही हॉर्नवरचा हात काढत नव्हते. हायवेवर चाळीसने चालणारी गाडी म्हणजे वाटेतला धोंडा, आणि हा धोंडा तिनेच तिथे आणून ठेवला होता.

"किती?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता.

तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. समोर रस्ता सरळ होता आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत रिकामा. कडेला गाडी उभी करण्याइतकी खडीची पट्टी होती.

"पुढे ट्रक बंद पडलाय," ती म्हणाली. "पूर्ण आडवा. कडेला घ्या. अजून घ्या. आता थांबा."

साहेबांनी एका शब्दाने विचारलं नाही. ती सांगेल तसं ते स्टिअरिंग वळवत गेले. चाकांखाली खडी करकरली आणि गाडी उभी राहिली. इंजिन आपोआप बंद झालं. मागचे दोन्ही ट्रक एकापाठोपाठ बाजूने सुसाट निघून गेले. कुणी ब्रेक मारला नाही. त्यांचा आवाज सरळ पुढे जात जात लांब कुठेतरी विरला. साहेबांचे कान शाबूत होते.

साहेब काचेतून समोर बघत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तिने हळूच हात पुढे करून बटण दाबलं आणि गाडी बंद केली.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "हलला का गं तो ट्रक?"

तिने मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "आज काही हलायचा नाही तो."

साहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "मला दिसलाच नव्हता."